‘नकोसा’ हा शिक्का पुसणार कोण?

जामसंड्याच्या बौद्धवाडीत गेल्या महिन्यात आम्ही एका घरी बसलो होतो. बाहेर कलमांना मोहोर, आत चुलीवर चहा. घरचे गृहस्थ पन्नाशीला टेकलेले. चहा झाल्यावर त्यांनी फडताळातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदातून लष्कराचे डिस्चार्ज बुक. सतरा वर्षे हे पुस्तक त्यांनी असेच गुंडाळून ठेवले आहे. मुलांनासुद्धा धड दाखवलेले नाही.

१९९६ साली हे भरती झाले आणि २००८ साली घरी आले. बारा वर्षांची नोकरी, त्यातली दोन वर्षे काश्मीरमधल्या उंचावरच्या ठाण्यावर. शिपायाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षांची नोकरी लागते, म्हणजे तीन वर्षे कमी पडली. पण ते मुदत संपवून आले नाहीत. त्यांना काढण्यात आले. कारण एकच, रजेवरून उशिरा हजर होणे. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी शिक्षा झाली आणि सेवापत्रकात लाल शाईची नोंद पडली. एकदा वडील वारले होते, एकदा बायकोचे बाळंतपण अडले होते, एकदा ऐन पावसात दरड कोसळून वाट बंद होती. चौथ्या वेळेबद्दल आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “ती माझीच चूक.” माणूस खोटे बोलत नव्हता.

चार लाल नोंदी झाल्या की जवानाला ‘अनडिझायरेबल’ ठरवून काढता येते, अशी फौजेत समजूत होती आणि आजही आहे. अनडिझायरेबल म्हणजे काय? नको असलेला. नकोसा. आम्ही त्यांना म्हटले, पेन्शनसाठी लढून बघू. त्यावर ते जे बोलले ते आमच्या कानातून जात नाही. “दादानू, पेन्शन नाय मेळली तरी चलात. पण ता वाक्य तेवढा खोडून होया.”

पेन्शन नको म्हणतात, त्यावर जाऊ नका. गरिबाला पेन्शन नको असे कधी असते काय? पण त्या एका वाक्याने या घराचे काय काय नेले ते पाहिले, की त्यांचे म्हणणे कळते. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणावरून काढलेला जवान सरकारी व्याख्येप्रमाणे ‘माजी सैनिक’ ठरत नाही. म्हणजे राज्य सरकारच्या नोकरभरतीत माजी सैनिकांसाठी असलेले पंधरा टक्के समांतर आरक्षण गेले. कँटीनचे कार्ड गेले, दवाखान्याची सवलत गेली. मुंबईत एका खाजगी सिक्युरिटीवाल्याकडे हे वॉचमनच्या नोकरीसाठी गेले, तर त्याने डिस्चार्ज बुक मागितले, वाचले आणि परत दिले. ज्याने सरहद्दीवर पहारा केला त्याला एटीएमच्या दारात उभे राहण्याची लायकी नाही! आता ते दुसऱ्याच्या हापूसच्या बागेची राखण करतात. या कामाला हल्ली देवगड तालुक्यात नेपाळहून माणसे येतात, त्यांच्याबरोबरीने. आणि २६ जानेवारीला झेंड्यापुढे गावातल्या माजी सैनिकांना नारळ देतात, तेव्हा यांना बोलावणे नसते. हे त्यांनी स्वतः सांगितले नाही. त्यांच्या बायकोने सांगितले, तेही ते उठून बाहेर गेल्यावर.

आता कायद्याचे पाहू. शिपायाच्या सेवामुक्तीची कारणे आणि पद्धत १९५४ च्या लष्करी नियमांतील नियम १३ मध्ये आहे. नकोशा आणि अकार्यक्षम जवानांना काढताना काय करावे, याचे पत्र लष्कराच्या मुख्यालयाने २८ डिसेंबर १९८८ रोजी काढले. त्यात म्हटले आहे की, आधी निःपक्ष चौकशी करा, जवानाला कारणे दाखवा नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, त्याची एकूण सेवा किती झाली, खडतर जागी किती झाली, घरची अडचण काय होती, पेन्शनला किती दिवस उरलेत, हे सर्व बघा आणि मग ठरवा. फौजेच्या मुख्यालयाचेच हे पत्र! पण खाली ते चार नोंदींच्या हिशोबात आटले. चार बोटे मोजली आणि माणूस बाहेर.

या हिशोबाला सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चाप लावला. वीरेंद्रकुमार दुबे या जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, चार लाल नोंदी झाल्या म्हणून जवानाला काढलेच पाहिजे असे नाही, आणि १९८८ च्या पत्रात सांगितलेली चौकशी झाल्याशिवाय काढणे टिकणार नाही. त्या जवानाची सेवामुक्ती रद्द झाली. पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो नोकरीत होता असे धरण्यात आले. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे कागदावरचे वाक्य खोडता येते. या देशात खोडले गेले आहे.

मग जामसंड्यातले वाक्य का खोडले जात नाही? चौकशी झाली होती का, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, साहेबांनी बोलावले, दोन-तीन कागदांवर सही घेतली, त्यात काय होते ते ठाऊक नाही. नोटीस मिळाली असेल, नसेलही. हा निकाल लागला तेव्हा ते बागेत झाडांना पाणी शेंदत होते. त्यांना कोण सांगणार? २००९ पासून देशात सशस्त्र बल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे, हेही त्यांना आमच्याकडूनच कळले. त्यात अर्ज करायला अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते. उशिराचे सबळ कारण दाखवले तर न्यायाधिकरण तो माफ करू शकते. पण सतरा वर्षांच्या उशिराचे सबळ कारण म्हणून कोणता कागद जोडायचा? अज्ञानाचा दाखला कोणत्या तहसीलदाराकडे मिळतो?

आमचे म्हणणे कुणी उलटे करू नये म्हणून स्पष्ट लिहितो. जात बघून यांना काढले, असा आरोप आम्ही करत नाही. तसा पुरावा आमच्यापुढे नाही, आणि ते स्वतःही तसे म्हणत नाहीत. फौजेला शिस्त लागते हेही आम्हाला मान्य आहे. वेळेवर हजर न होणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि ती चार वेळा झालीही. आमचा प्रश्न पुढचा आहे. शिक्षा भोगून झाल्यावर जो शिक्का बसतो, तो पुसण्याची शिडी कुणाला चढता येते? ज्याच्या घरात वकील आहे, कर्नल आहे, इंग्रजी वाचणारा आहे, त्याला. बौद्धवाडीतल्या पहिल्या पिढीच्या शिपायाला ती दिसतसुद्धा नाही.

आणि हा ‘नकोसा’ शब्द आमच्या समाजाला नवा आहे काय? एका शिपायाला नव्हे, अख्ख्या जातीला हे डिस्चार्ज बुक एकदा हातात मिळाले आहे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, ज्यांच्या पिढ्यानपिढ्या मुंबई इलाख्याच्या पलटणीत गेल्या, त्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात लढाऊ जातींचे खूळ निघाले आणि महार त्या यादीत बसेनात. याचा घाव रत्नागिरी जिल्ह्यावर खोल बसला. (सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी.) कारण फौज म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ त्याच पलटणीतल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पेन्शनर मंडळी दापोलीच्या कँपात राहिली, त्यांची मुले शिकली, आणि त्या पेन्शनरांमधूनच आमच्या चळवळीचे पहिले बोलके लोक निघाले.

त्यातले एक महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला हा माणूस १८९४ साली भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहितो. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, असा दावा आहे. आज तो दावा आम्हाला खटकतो, पण ज्या भाषेत सरकार ऐकेल असे वाटले त्या भाषेत त्यांनी लिहिले. पुढे शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. १९०३ साली त्यांनी सासवडला सभा घेतली, सरकारकडे अर्ज केला, आणि १९१० साली थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे निवेदन पाठवले. मागणी काय? फौजेत आणि पोलिसात अगदी खालची का होईना, जागा द्या. पण सूर बदललेला होता. आम्ही पूर्वी कोण होतो यापेक्षा आम्ही माणसे आहोत आणि आम्हाला हक्क आहे, यावर त्यांचा भर होता. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारने १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. घ्यायचे गरजेला, काढायचे सोयीने. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जापासून मोजले तर सत्तेचाळीस वर्षे लागली. वलंगकर ते पाहायला नव्हते.

अमेरिकेतल्या काळ्या शिपायांची गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असायला हवी. ऑगस्ट १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला आणि एक गोरा माणूस मेला. गावकऱ्यांनी बोट दाखवले ते छावणीतल्या काळ्या पलटणीकडे. कोणी गोळी झाडली ते एकही शिपाई सांगेना, कारण सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ शिपायांना एकदम बेअब्रूने काढून टाकले. त्यांत वीस-वीस वर्षे नोकरी झालेले लोक होते, त्यांचे पेन्शन बुडाले. (त्याच वर्षी रूझवेल्टसाहेबांना शांततेचे नोबेल मिळाले!) हे वाक्य खोडायला सहासष्ट वर्षे लागली. १९७२ साली अमेरिकन सैन्याने सगळ्यांची सेवामुक्ती सन्मानाची केली. तोवर बहुतेक जण मातीत गेले होते. डॉर्सी विलिस नावाचे एक म्हातारे हयात होते. त्यांनी मिनियापोलिसमधल्या एका केशकर्तनालयात लोकांचे बूट पुसत जवळजवळ साठ वर्षे काढली होती. १९७३ साली त्यांना पंचवीस हजार डॉलर मंजूर करण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात तिथे निळ्या कागदावर सेवामुक्ती देत. ती ना सन्मानाची, ना बेअब्रूची, पण निळा कागद दिसला की नोकरी मिळत नसे आणि माजी सैनिकांच्या सवलतीही नाकारल्या जात. त्या सैन्यात काळे शिपाई शंभरात सहा-सात, पण निळे कागद मिळालेल्यांत शंभरात बावीस. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्राने १९४५ साली यावर आवाज उठवला. वर्तमानपत्राचे काम काय असते, ते यातून आम्हीही शिकावे. तिकडे १९४४ च्या कायद्याने एक वेगळे मंडळ नेमले. काढलेला शिपाई त्याच्यापुढे जाऊन, माझ्या कागदावरचा शेरा तपासा आणि सुधारा, असे म्हणू शकतो. आपल्याकडे असे मंडळ नाही. तक्रार वर पाठवा, ती फेटाळली की न्यायाधिकरण, आणि तिथेही नाही म्हटले तर उच्च न्यायालय. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. पण हे सगळे वकिलाच्या फीचे रस्ते आहेत. शेरा सुधारण्यासाठी निवृत्त जवानांसह एक मंडळ हवे, २०१५ च्या निकालाआधी चौकशीशिवाय काढलेल्यांना मुदतीची अट एकदा माफ हवी, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी अशा लोकांनाही दारात उभे करायला हवे. आज तिथे पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही माजी सैनिक आहात काय? नाही? मग बसू नका.

सरकारला सांगून झाले, आता आमच्याच लोकांना सांगतो. दर १ जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. कणकवलीपासून गाड्या सुटतात, निळे झेंडे लागतात, स्तंभाला सलामी होते. व्हायलाच हवी. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाला सलामी देणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी शेजारच्या वाडीतल्या शिपायाचे डिस्चार्ज बुक वाचले आहे? जामसंड्याच्या या घराशेजारून आम्हीही कितीदा गेलो. त्यांना ‘मिलिटरीवाले’ म्हणून हाक मारली आणि पुढे गेलो. का परत आले, कधी विचारले नाही. लोक काय ते समजून घेतात, आणि समजून घेतात ते बहुतेक चुकीचेच असते.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चे कलम १२ सांगते की, अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न किती ते विचारायचे कारण नाही. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून त्या यादीत स्थान आहे. दाखला तेवढा काढून ठेवा. पण वकील उभा राहण्याआधी कागद लागतात, आणि कागद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत. जुनी दप्तरे मुदतीनंतर नष्ट होतात, तेव्हा घाई करा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. माझ्या सेवामुक्तीचा आदेश, कारणे दाखवा नोटीस, मी दिलेले उत्तर आणि चौकशीचे कागद, या सर्वांच्या प्रती द्या, एवढेच त्यात लिहायचे. चौकशीचे कागदच नाहीत असे उत्तर आले, तर तेच आपल्या बाजूचे सर्वांत मोठे हत्यार.

असा अर्ज आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून लिहिला. मजकूर आमचा, सही त्यांची. सहीच्या वर त्यांनी न विचारता आपला आर्मी नंबर लिहिला, एकही आकडा न अडखळता. नंतर तो लिहावा की नको म्हणून थोडे थांबले. आम्ही म्हटले, लिहायलाच हवा, त्याशिवाय तुमचे दप्तर सापडणार कसे? मग आम्ही दोघे देवगडच्या पोस्टात गेलो आणि अर्ज रजिस्टरने पाठवला. पावती त्यांनी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत. काय आले, ते आम्ही याच जागी लिहू.