कंपूचे पर्यायी नियम

मराठीत 'कंपू' हा शब्द आता बहुधा नाक मुरडूनच वापरतात. अमक्या लेखकाचा कंपू, तमक्या पुढाऱ्याचा कंपू. ग्वाल्हेरकरांसाठी मात्र कंपू हा पत्ता आहे. लष्करात कंपू आहे, जिन्सी नाला आहे, शिंदे की छावनी आहे. मुळात 'लष्कर' हेच गावाचं नाव. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, तो उठलाच नाही. जिन्सी म्हणजे तोफखाना आणि कंपू म्हणजे कवायती पलटणींचा जथा. आपण दूध-भाजी आणायला निघतो ते एका जुन्या फौजेच्या यादीतून.

ती यादी या मे महिन्यात मला नीट वाचावी लागली. निमित्त झालं पुण्याहून आलेल्या चौदा वर्षांच्या भाच्याचं आणि त्याच्यासोबत आलेल्या पेटीचं. पेटीत बोटभर उंचीचे, त्यानं स्वतः रंगवलेले परग्रहवासी सैनिक. खेळाचं नाव वॉरहॅमर 40,000. हा 1987 साली इंग्लंडात निघाला. याला पट नाही, घरं नाहीत. जेवणाचं टेबल हेच रणांगण, अंतर मोजायला टेप आणि निकालाला फासे. बुद्धिबळात दोघांना सारखं सैन्य मिळतं, तसं इथे मिळत नाही. प्रत्येक सैनिकाला, प्रत्येक यंत्राला पॉइंटांत किंमत असते. आज 1,000 पॉइंटांची फौज की 2,000 ची, हे दोघांनी आधी ठरवायचं आणि तेवढ्यात आपापली यादी बसवायची. भाचा खेळण्यापेक्षा यादी करण्यातच जास्त रमतो. महिन्याच्या वाणसामानाची यादी करताना माझी आई अशीच दिसायची. एक ओळ लिहायची, दोन खोडायची.

त्याची फौज 'टाऊ' नावाच्या परग्रहवासीयांची. हे लोक 2001 मध्ये खेळात आले. दुरून मारा करण्यात पटाईत, हातघाईवर आलं की कच्चे. म्हणून ते परक्यांना सोबत घेतात. चोचवाले, मोबदल्यावर लढणारे क्रूट आणि किड्यांसारखे उडणारे व्हेस्पिड. या सगळ्यांच्या डोक्यावर 'इथेरियल' म्हणून एक वर्ग आहे, त्यांचा शब्द शेवटचा.

आता या फौजेसाठी काही पर्यायी नियम आहेत. त्यातला भाच्याचा आवडता नियम फारसाईट नावाच्या सेनापतीचा. हा आपल्या दरबारापासून फुटून लांब स्वतःच्या वसाहती करून राहिला. 2013 मध्ये त्याच्या फौजेसाठी वेगळं पुस्तकच निघालं. जुन्या नियमांत त्याला घेतलं की त्याचे खास अंगरक्षक मिळायचे, पण इथेरियल मात्र एकही घेता यायचा नाही.

"म्हणजे पुण्याला न विचारता उत्तरेत कारभार करणारा," मी म्हटलं. "मग नाना फडणीस मिळणार नाहीतच." भाच्यानं पुणेकर असूनही हे हसून घेतलं.

पण पुढे तो जे म्हणाला त्यानं मी थबकले. पर्यायी नियम फुकट काही देत नाही. एक ताकद हवी तर एक उणीव पत्करावी लागते. "खरी गंमत त्यातच आहे, आत्या. उणीव अशी निवडायची, की आजच्या डावात ती भोगावीच लागणार नाही." समोरचाही दुरूनच मारा करणारा असेल, तर आपण हातघाईत कच्चे असलो म्हणून काय बिघडलं? पॉइंट मात्र वाचले.

मंडळी, हे महादजी शिंद्यांनी केलेलं आहे. खऱ्या माणसांनिशी.

आपल्या सालबाईला 1782 मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि महादजींच्या समोरून हा एक प्रतिस्पर्धी काही काळ तरी हटला. उरले राजपूत, मुघल सरदार, पुढे होळकर. यांच्यासाठी त्यांनी 1784 मध्ये द बॉय्न नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं. आधी दोनच पलटणी, मग 1790 मध्ये पुरा कंपू, म्हणजे दहा पलटणी. बहुतेक पलटणी तेलंग्यांच्या, बाकीच्या नजीबांच्या. सोबत तोफखाना आणि थोडं घोडदळ. असे तीन कंपू द बॉय्ननं उभे केले. पलटणीतले सुभेदार, जमादार आपले, पण हुकूम देणारा वरचा अधिकारी युरोपियन. पगार वेळेवर व्हावा म्हणून दोआबातला मुलूख खर्चासाठी लावून दिला. ठाणं अलीगढला. पगार वेळेवर, ही त्या काळातली सगळ्यात मोठी सुधारणा होती असं माझं मत. कवायतीचं नाव होतं, काम पगारानं केलं.

आणि उणीव? द बॉय्ननं नोकरी धरताना एक अट घातली होती, असं त्याचे चरित्रकार लिहितात: इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाही. महादजींना ही अट त्या घडीला स्वस्तच पडली. जून 1790 मध्ये पाटण, सप्टेंबरात मेडता. समोर इंग्रज नव्हतेच. मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार तुटून पडले, पलटणींनी पोकळ चौकोन केला आणि घोडी त्या संगिनींपुढे फुटली.

हे सगळं ऐकल्यावर भाच्यानं परग्रहवासी पेटीत ठेवले आणि आम्ही घरचा कंपू मांडायला बसलो. या खेळाच्या एकेका पेटीला काही हजार रुपये पडतात. माझ्या भावाला तो आकडा अजून गोड लागत नाही, म्हणून आम्ही घरातलंच सामान काढलं. शर्टाची बटणं म्हणजे तेलंगी पलटणी, चिंचोके म्हणजे नजीब, कवड्या म्हणजे घोडदळ आणि लवंगा म्हणजे तोफा. लवंग टेबलावर आडवी ठेवून पाहा, तोफेसारखीच दिसते.

किमती अशा ठरवल्या. तेलंगी पलटण 60, नजीब 45, तोफ 40, मराठी घोडदळाचं पथक 30. पेंढारी 5, कारण त्यांना पगार नाही. पण लुटीला काही दिसलं की त्यांनी तिकडे वळलंच पाहिजे, तुमची इच्छा असो वा नसो. भाचा म्हणाला, हे आमचे क्रूट. चालेल.

युरोपियन अधिकारी 50 पॉइंटांचा, दर दोन पलटणींना एक. तो असेल तर त्या पलटणी एका खेळीत रचना बदलून गोळीबारही करू शकतात. नसेल तर दोन्हींतलं एकच. आता पर्यायी नियम: अधिकाऱ्याशी महादजींसारखा करार केला, तर तो 30 मध्येच मिळतो. बदल्यात, समोर इंग्रज असतील तर प्रत्येक खेळीच्या आधी त्याच्या नावानं फासा टाकायचा. 1 किंवा 2 पडले, की तो टेबलावरून उठून गेला. शेवटचा नियम अलीगढचा. टेबलाच्या कोपऱ्यात एक वाटी पालथी घालायची. शत्रू त्या वाटीला भिडला, की पुढच्या प्रत्येक खेळीत तुमची एक पलटण पगाराअभावी जागची हलत नाही.

पहिला डाव मेडत्याचा. राठोडांकडून त्याचे आतोबा बसले. भाच्यानं सगळे अधिकारी 30 च्या भावानं घेतले, वाचलेल्या पॉइंटांत लवंगा वाढवल्या आणि अर्ध्या तासात आतोबांच्या कवड्या गोळा करून वाडग्यात टाकल्या. स्वारी खूश. यादी बदलायची नाही, असं त्यानं जाहीर केलं.

दुसऱ्या डावाला आतोबा इंग्रज झाले. साल 1803.

तोवर महादजी गेलेले होते. 1794 च्या फेब्रुवारीत, पुण्याला वानवडीत. द बॉय्नही मायदेशी परतला होता. जाताना त्यानं दौलतरावांना बजावलं होतं, की इंग्रजांशी लढण्यापेक्षा पलटणी मोडलेल्या बऱ्या. सल्ला कडू होता, पण करार कुणाला माहीत असेल तर तो करणाऱ्यालाच. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी जाहीरनामा काढला: शिंद्यांची नोकरी सोडा, आम्ही सांभाळू. बरेच अधिकारी उठून गेले. द बॉय्नच्या जागी आलेला पेराँ स्वतः सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेऊन मोकळा झाला. 4 सप्टेंबरला अलीगढ पडलं, आणि दरवाजाकडची वाट दाखवणारा ल्यूकन हा थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचा पगार खात होता. यशवंतराव होळकरांनी पुढच्या वर्षी आपल्याकडच्या अशा तीन अधिकाऱ्यांची डोकी उडवली ती हे पाहूनच असावं.

टेबलावर वेगळं काही घडलं नाही. पहिल्याच खेळीत दोन पडले, दुसऱ्या खेळीत एक. तिसऱ्या खेळीत आतोबांची बटणं वाटीला भिडली. भाचा चिडला. "हा नियमच चुकीचा आहे. असली उणीव कोण घेईल?"

"महादजींनी घेतली की."

"त्यांच्यासमोर इंग्रज नव्हते!"

त्यानंतर तो बराच वेळ बटणांकडे बघत बसला. मला इतिहासाच्या पुस्तकातला 'दुसरे इंग्रज-मराठा युद्ध, कारणे व परिणाम' हा धडा आठवला. त्यात हे एक वाक्य असतं तर धडा लक्षात राहिला असता. महादजींना दोष द्यावा असं मला वाटत नाही. दहा वर्षं त्या यादीनं त्यांना दिल्लीचा कारभार हातात ठेवू दिला. प्रतिस्पर्धी बदलल्यावरही पुढच्यांनी यादी तीच ठेवली, तिथे गाडं अडलं.

आतोबा मुळात कमी बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "अधिकारी गेला की पलटण निकामी, हे खरं का?" नाही, ते खरं नाही. असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, 23 सप्टेंबर 1803 ला हॅनोव्हरचा पोलमन जागेवर होता. वेलस्लीनं कैलना नदी अनपेक्षित जागी ओलांडली, तेव्हा पोलमननं अख्खी फळी काटकोनात वळवली. इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले, जखमी झाले. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला, तरी त्या दिवसाचा धसका त्यानं जन्मभर बाळगला. पण त्याहून मोठी गोष्ट 1 नोव्हेंबरची, अलवरजवळ लासवारीची. तिथे पलटणींना युरोपियन अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते. सुभेदार, जमादार होते, गोलंदाज होते. ते तोफांजवळून हलले नाहीत. लढाई हरले, पण लॉर्ड लेकनं वरिष्ठांना लिहिताना त्यांच्या शौर्याची कबुली दिली, ती हातचं राखून नव्हे.

यावर भाच्यानं स्वतःचा एक नियम घातला, आणि माझ्या मते आमच्या कागदावरचा तोच सगळ्यात चांगला आहे. सुभेदाराला बढती. किंमत 80, म्हणजे परक्यापेक्षा महाग. शिवाय तो पहिल्या दोन डावांत काहीच जादा देत नाही, शिकत असतो. तिसऱ्या डावापासून युरोपियन अधिकाऱ्याचं सगळं काम करतो आणि त्याच्या नावानं फासा टाकावा लागत नाही. "पण दोन डाव कोण थांबणार?" असं तो स्वतःच म्हणाला. शिंद्यांच्या दरबारात थांबायला पूर्ण एक पिढी मिळाली होती, 1784 पासून 1803 पर्यंत. तोवर ते 80 पॉइंट कुणी मोजले नाहीत.

वाचकांपैकी कुणाला हा खेळ मांडायचा असेल तर एक सूचना. पॉइंट दोघांनी मिळून ठरवावेत. किमती आमच्या आहेत, त्या बदला. पण डाव सुरू झाल्यावर बदलू नका. यादीची मर्यादा एकट्यानं लिहिली की काय होतं, तेही ग्वाल्हेरनं पाहिलेलं आहे. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया एकाच दिवशी हरलो. गादीवर जयाजीराव, तेव्हा लहान मूल. जानेवारी 1844 च्या तहात इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेची यादीच लिहून दिली: एकूण 9,000 माणसं, त्यात पायदळ 3,000 च्या वर नाही, तोफा 32. शिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक वेगळी फौज, ग्वाल्हेर कंटिंजंट, तिचा खर्च शिंद्यांनी द्यायचा. दुसऱ्याच्या फौजेचे पॉइंट आपल्या खात्यातून! 1857 च्या जूनमध्ये नेमकी तीच फौज मुरारला इंग्रजांवर उलटली, ही मात्र त्यांच्या यादीत कुठे धरलेली नव्हती.

1844 ची यादी मांडायला फार सामान लागत नाही. पायदळाला हजारामागे एक बटण, म्हणजे तीन, घोडदळाच्या कवड्या थोड्या जास्त आणि लवंगा मोजून 32. भाच्यानं त्या मोजून एका डबीत भरल्या आणि वर चिठ्ठी लावली आहे, त्यामुळे गेले दोन आठवडे मसालेभात बिनलवंगेचा होतोय. त्यालाच मी सांगून ठेवलंय, की 1860 मध्ये पायदळ 5,000 आणि तोफा 36 करायची परवानगी मिळाली. तो डाव मांडायचा असेल तर दोन बटणं आणि चार लवंगा अजून लागतील, आणि त्या वाण्याकडून त्यानंच आणायच्या.