नायकाच्या शेजारचा माणूस

बौद्धिक अपंगत्व असलेला नायक कथेंत किंवा चित्रपटांत आला, कीं आमचे रसिक प्रथम एकच प्रश्न विचारतात : सोंग कितपत हुबेहूब वठलें? १९९१ सालच्या ‘चौकट राजा’विषयीं बोलतांना दिलीप प्रभावळकरांच्या नंदूपलीकडे चर्चा सहसा जात नाहीं. अभिनय उत्तम आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु अशा कृतींची तुलना करण्याचें हें मापच आम्हांस चुकीचें वाटतें. नायकाच्या शेजारीं कोण उभें आहे आणि कशासाठीं उभें आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची छोटी कादंबरी घ्या. कॅलिफोर्नियांतील शेतांवर मजुरी करीत हिंडणारे जॉर्ज आणि लेनी हे दोघे सोबती. लेनी अंगानें बलदंड, बुद्धीनें बालक. जॉर्ज त्याच्यावर चिडतो, पण त्याला सोडीत नाहीं. कारण स्वतःच्या जमिनीचें स्वप्न पुनःपुन्हा सांगावयाचें, तर तें तितक्याच हौसेनें ऐकणारा लेनीच त्याला हवा असतो. ही देवघेव दुहेरी आहे, आणि हेंच या कृतीचें मोठेपण. तरीहि शेवटीं, लेनी जमावाच्या हातीं लागूं नये म्हणून जॉर्जच त्याला गोळी घालतो. वाचक डोळे पुसतो आणि समाधानानें पुस्तक मिटतो. आमचा आक्षेप या समाधानाला आहे. ज्या जगांत लेनीला जागा नव्हती तें जग तसेंच राहिलें. नाहींसा झाला तो लेनी!

दुसरा मार्ग नायकाला गुणवान ठरविण्याचा. ‘रेन मॅन’मधील (१९८८) रेमंड आंकडेमोडींत अचाट निघतो, ‘कोई मिल गया’मध्यें (२००३) परग्रहावरचा पाहुणा रोहितची बुद्धीच वाढवून देतो. ‘यलो’ (२०१४) या मराठी चित्रपटाची योग्यता याहून फार वरची. तेथें डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ हिनें स्वतःचीच भूमिका केली, हें धैर्य वंदनीय आहे. पण तेथेंहि कथेला पोहण्यांतील पराक्रमाचा आधार लागलाच. ज्याला पोहतां येत नाहीं, त्याच्या वांट्याला कथा केव्हां येणार?

‘चौकट राजा’चें खरें धन आमच्या मतें निराळेंच आहे. नंदूला आई आहे. ती सोबत रक्ताची. बालमैत्रीण मीनल आहे. तिची सोबत जुन्या आठवणींच्या ओझ्याची. आणि अशोक सराफांनीं उभा केलेला गणा आहे. त्याला नंदूचें कसलेंच देणें फेडावयाचें नाहीं; तो केवळ मित्र आहे. मग प्रेक्षकांनीं सारे अश्रु मीनलच्या घालमेलीसाठींच कां राखून ठेवावे?

कोणी म्हणेल, कला ही समाजसेवा नव्हे. मान्य. आम्ही सेवा मागत नाहीं, सत्य मागतों. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्यासारख्या गांवांत असा मुलगा ओट्यावर बसलेला दिसतो. तो कोणाची गुरें पाण्यावर नेतो, लग्नाच्या पंगतींत पत्रावळी मांडतो. त्याला पदक मिळावयाचें नाहीं, आणि त्याच्यावर कोणी गोळीहि झाडणार नाहीं. तो जगणार आहे. म्हणूनच त्याची आई एकच गोष्ट विचारते, “माझ्या माघारी याचं कसं?”

हा प्रश्न कायद्यानें ऐकला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानें अशा प्रौढांना पालक नेमून देण्याचें काम जिल्ह्यांतील स्थानिक समितीकडे सोंपविलें. पण समिती कागदावर सही करील. संध्याकाळीं त्याच्याशेजारीं येऊन बसणारा माणूस ती कोठून आणील? तो माणूस कसा असतो, तो कां थांबतो, केव्हां कंटाळतो आणि कंटाळूनहि परत कां येतो, हें सांगणें लेखकाचें काम आहे. आमच्या कथाकारांनीं गणाला दुय्यम पात्रांतून बाहेर काढावें, आणि आई गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळीं कथेला आरंभ करावा.