दोन ‘जय’, एकच ओरखडा

12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. त्या सुमारास आमच्या बीबीतही रस्त्याकडेला फलक लागतात : ‘जय जिजाऊ, जय शिवराय’. अक्षर कोरड्या ब्रशने ओढल्यासारखे, कडा फाटलेल्या, मधे पांढरे ओरखडे. लांबून मोठा रुबाब वाटतो. परवा जवळ जाऊन पाहिले, तर दोन्ही ‘जय’मधल्या ‘ज’वर ओरखडा अगदी त्याच जागी!

पेंटरच्या हातून असे होत नाही. त्याचा खरखरीतपणा भिंतीतून येतो. चुन्याचा पोपडा सुटला असेल तिथे ब्रश अडखळतो, रंग संपत आला की काना फाटतो. फॉन्टमध्ये हा अपघात एकदाच कोरून ठेवतात आणि मग तो शिक्क्यासारखा उमटत राहतो.

म्हणून ब्रशच्या वळणाचा फॉन्टच नको, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनी ‘यात्रा वन’ केला. तो इतका फाटका नाही. पण त्यात रोमन अक्षरांना देवनागरीचे वळण दिले आहे. एरवी उलटेच चालते. फाटक्या अक्षराला दोन-चार शब्द द्यावेत, तेही मोठे. बारीक मजकुरात अनुस्वार कोणता आणि शिंतोडा कोणता, कळत नाही. आणि श्रद्धांजलीच्या फलकावर तर ते नकोच. आमच्याकडे तेही पाहिले.

यंदा एक फलक पेंटरकडून रंगवून घ्या, असे मी मंडळाच्या पोरांना सांगितले. त्यांनी त्यालाच विचारले. “चार दिवस आधी सांगत जा,” तो म्हणाला.