मामाचे गुण आणि गावची झडती

पोळ्याच्या तोंडावर पुण्याच्या भाचीनं मला एक प्रश्नावली धाडली. पोरगी मानसशास्त्र शिकते आणि प्रयोगाला फुकटात मिळणारा प्राणी म्हणजे मामा. विधानं 32. पटलं तर 7, अजिबात नाही तर 1.

कॅनडातल्या रॉड मार्टिन आणि मंडळींनी 2003 साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली. विनोदाचे कप्पे चार: माणसं जोडणारा, आपलं आपल्याला तगवणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःलाच तुडवणारा. शेवटच्याचं उदासीशी सूत जुळतं म्हणे. 'आपण कुचकामी' ही मनातली रेकॉर्ड माणूस चारचौघांत गंमत म्हणून वाजवतो. कशामुळे काय होतं, हे मात्र आकडे सांगत नाहीत.

चौथ्या कप्प्यात मला घसघशीत गुण पडले. लगेच फोन. "मामा, तुम्ही बरे आहात ना?" म्हटलं, बाई, हा कागद पोळ्याला आमच्या गावात तोरणाखाली वाट, यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरायच्या नाहीत!

बैलजोड्या ओळीनं उभ्या असतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मधूनच एखादा बुढा पुढं होऊन झडती, म्हणजे टोमण्यांचं कवन, फेकतो. कापसाचा भाव, बँकेचा तगादा, मंत्री, शेवटी स्वतःची फाटकी बंडी. मागून सारं गाव महादेवाचा गजर करतं. 2017 साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात माणसं गेली. झडत्या काही थांबल्या नाहीत. वऱ्हाडी कवी शंकर बड्यांचा एकपात्री 'बॅरिस्टर गुलब्या' याच मातीतला.

तुम्ही काय बोलता ते प्रश्नावली विचारते. मागून गजर कोण करतं, ते विचारत नाही. तोच बुढा रात्री पारावर एकटा बसून "मी गेलो त घरचं एक ताट कमी" म्हणून हसला, तर मला हसू येणार नाही. शेतकऱ्यांसाठीच्या शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई दारोदार मनाची विचारपूस करतात. त्यांनी असं हसणंही टिपून घ्यावं.

पण आता झडती ऐकू तरी येते कुठं? बैल कमी, ट्रॅक्टर जास्त आणि तोरणाला खेटून डीजे. गेल्या पोळ्यात आमच्या बुढ्यानं नरड्याच्या शिरा ताणून कायतरी म्हटलं, फक्त ओठ हलताना दिसले. नंतर विचारलं, "बुवा, काय म्हटलं जी?"

"काई नाई बाप्पा. डीजेवाल्याच्या मायबापाचा उद्धार केला. त्यालेच ऐकू आला नाई, म्हून वाचलो!"