दिवा मंद की नजर?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने माखलेला असतो. अशा ट्रॉलीवर आदळलेल्या गाडीचा चालक सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आणला जातो, तेव्हा त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : 'समोरचं दिसलंच नाही.' ट्रॉलीवाल्याचा दोष आहेच. पण गाडीचे दिवे किती उजेड देत होते आणि चालकाच्या डोळ्यांना त्यातलं किती दिसत होतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. अडथळा ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. म्हणजे किमान 45 मीटरपर्यंतचं दिसायला हवं. दिवा 30 मीटरपर्यंतचंच दाखवत असेल, तर चालक कितीही सावध असला तरी 15 मीटर कमीच पडणार.

दिव्याचं मंद होणं मोतीबिंदूसारखं असतं. ते इतकं हळूहळू वाढतं की रोज पाहणाऱ्याला कळतच नाही. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटची 'काच' मुळात काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने 2018 मध्ये केलेल्या चाचणीत असे खराब झालेले दिवे नव्याच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा उजेड देत असल्याचं आढळलं होतं.

यावर आपल्याकडचा लोकप्रिय उपाय म्हणजे बाजारातून झगझगीत एलईडी बल्ब आणून बसवणं. निदान न करता औषध देण्याचाच हा प्रकार. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमधला आरसा बारीक तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. तिथे एलईडी बसवला की प्रकाश भलतीकडे पसरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. दिपलेला डोळा पुन्हा जागेवर यायला काही सेकंद लागतात, वय वाढलेलं असेल तर आणखी जास्त. तेवढ्यात तो दुचाकीस्वार खड्ड्यात जातो किंवा पादचाऱ्यावर जातो. जास्त वॉटचा हॅलोजन लावला तर मूळ वायरिंग तापून होल्डर वितळण्याची भीती असते. त्यामुळे आधी कारण शोधावं, मगच खर्च करावा. हे काम बऱ्याच अंशी घरी होतं.

संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा आणि दोन्ही झोत पाहावेत. एकच बाजू मंद असेल तर दिवे बंद करून, बल्ब थंड झाल्यावर डाव्या-उजव्या बल्बची अदलाबदल करावी. मंदपणा बल्बसोबत दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब संपत आला आहे. नवे घेताना जोडीने घ्यावेत. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, कातडीचं तेल लागलेल्या जागी ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मंदपणा त्याच बाजूला राहिला तर त्या बाजूची काच, होल्डर किंवा अर्थिंगची गंजलेली जोडणी तपासावी.

दोन्ही दिवे मंद आहेत आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर उजळतात, असं असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर, बॅटरी किंवा अल्टरनेटर यांच्याकडे पाहावं. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो, त्यामुळे एक सैल जोडणीसुद्धा महागात पडते.

काच वरून पिवळी पडली असेल तर आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावून, पाण्याचा पॉलिश पेपर आधी 1000, मग 2000 आणि शेवटी 3000 नंबरचा, असा फिरवावा. नंतर पॉलिश करून अतिनील किरणांपासून वाचवणारा थर द्यावा. तो थर दिला नाही तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टचा उपायही म्हणूनच टिकत नाही. आत पाणी साचलं असेल किंवा दिवा झेनॉनचा, कंपनीने बसवलेल्या एलईडीचा असेल, तर मात्र मेकॅनिककडेच जावं. झेनॉनच्या जोडणीत हजारो व्होल्ट असतात.

भिंतीवरचा झोत मात्र एकट्याने पाहू नये, घरातल्या तरुण माणसाला शेजारी उभं करावं. त्याला उजेड भरपूर वाटतो आणि चालकाला कमी, तर बिघाड बॉनेटखाली नाही. वयानुसार बाहुली रात्री पुरेशी मोठी होत नाही आणि डोळ्यातलं भिंगही त्या प्लास्टिकसारखंच पिवळसर होत जातं. साठीतल्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसणं, रात्रीच चाचपडायला होणं, ही मोतीबिंदूची, बदललेल्या नंबरची, कधी मधुमेहाने दृष्टिपटलावर केलेल्या परिणामाची खूण असू शकते. 'नाइट ड्रायव्हिंग'चे पिवळे चष्मे असलेला उजेडही कमी करतात. त्यांच्यावर पैसे घालवण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी ती दरवर्षी करावी.

या बाबतीत आपली व्यवस्थाही ढिली आहे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. धुराची पीयूसी वेळोवेळी होते, पण तेवढ्या काळात दिवे कोणी तपासत नाही. परवान्याच्या अर्जात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, हे विचारतात, तेही दिवसाच्या चांगल्या उजेडातलं. रातांधळेपणाबद्दल अर्जदाराच्या हो-नाहीवर भागतं. पीयूसी केंद्रावर दिव्यांचा झोत पाहायला पाच मिनिटं पुरतील. चाळिशीनंतर परवान्याचं नूतनीकरण करताना मंद उजेडातली नजर तपासणंही अवघड नाही. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात. त्याच मंडपात डोळे आणि दिवे, दोन्ही तपासण्याची सोय झाली तर फलकांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.