व्हिडिओ बनवायचा तास कुणाच्या हिशेबात?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेज मोबाईलवर आलं, पण अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांत तासभराचं लेक्चर धड चालेना. चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ मात्र रेंज मिळेल तिथं डाऊनलोड करून घरी दहादा बघता येतो. पुण्यात ‘आयुका’त अरविंद गुप्तांनी हे आधीच करून दाखवलं होतं: टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान, मराठीतही, तेही फुकट. सरकारी ‘स्वयम’ २०१७ पासून आहे, पण तिथले बहुतेक कोर्स इंग्रजीत. मग आपल्या प्राध्यापकांनीच मराठीत व्हिडिओ करावेत, हे बोलायला सोपं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. रात्री जागून केलेलं शूटिंग-एडिटिंग त्यात कुठंच बसत नाही. तेवढ्या तासिका विद्यापीठानं आधी धराव्यात, मग व्हिडिओ मागावेत.