दिवा विझला, दोष राहिला

घरी मोटार आली म्हणजे तिचा रंग, तिची बैठक, तिचा वेग यांविषयी सारे हौसेने बोलतात. परंतु चालकासमोरच्या फलकावरील लहान दिव्यांचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची पाळी बहुधा अडचणीच्या वेळीच येते. आमच्यावर ती गेल्या हिवाळ्यात आली.

माझी थोरली बहीण रायपूरला गुढियारीत राहते. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नागपूरला ठरली होती. तिला मोटारीने न्यावे म्हणून मी दोन दिवस आधीच तेथे गेलो. गाडी भाच्याची, डिझेलवर चालणारी, सात वर्षांची. निघण्याच्या आदल्या दिवशी गुढियारीच्या घाऊक बाजारातील मालमोटारींच्या गर्दीतून वाट काढून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, तोच फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. पाठोपाठ गाडीचे बळच गेले. पेडल कितीही दाबले तरी ती वेग घेईना. मागून काळा धूर मात्र येऊ लागला.

जवळच्या एका कारागिराने बॅटरीची तार सोडविली व थोड्या वेळाने पुन्हा बसविली. दिवा विझला. “टर्बो गेला आहे, पुढे-मागे नवा टाकावा लागेल; पण नागपूरपर्यंत खुशाल जा,” असे त्याने सांगितले. भाचा आनंदाने म्हणाला, “मामा, दिवा गेला, आता काळजी नको.” परंतु पुलाचा चढ लागताच दिवा पुन्हा उजळला आणि गाडी पुन्हा रेंगाळू लागली. घरी हकीकत ऐकून ताई म्हणाली, “थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का रे?”

सुमारे २९० किलोमीटरांची वाट होती आणि शस्त्रक्रियेची वेळ ठरलेली होती. गाडी घरीच ठेवावी असे आम्ही ठरविले. रायपूरचे रेल्वे स्थानक गुढियारीपासून जवळच आहे. पहाटेच्या आगगाडीने आम्ही नागपूर गाठले. ताईचे काम वेळेवर झाले.

आता या दिव्याविषयी. हल्लीच्या मोटारीत एक लहानसा संगणक असतो. हवा, इंधन, उष्णता, दाब यांची मोजमापे त्याच्याकडे सतत येत असतात. एखादे माप अपेक्षेबाहेर गेले की तो दिवा लावतो आणि त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक जपून ठेवतो. इंजिनास इजा होईल असे वाटल्यास तो मुद्दाम त्याचे बळही कमी करतो. म्हणजे गाडी मंदावणे हा पुष्कळदा बिघाड नसून बचाव असतो. भारतात अशी स्वयंतपासणीची व्यवस्था नव्या मोटारींना २०१० पासून टप्प्याटप्प्याने आवश्यक झाली. क्रमांक वाचण्याचे यंत्र चालकाच्या पायांजवळील खाचेत जोडता येते. बॅटरीची तार काढली की ही नोंद पुसली जाण्याचा संभव असतो. रोग तसाच राहतो, पुरावा तेवढा जातो.

आम्ही परतल्यावर एका वृद्ध कारागिराने ते यंत्र जोडले. क्रमांक आला ‘पी ०२९९’. याचा अर्थ टर्बो निकामी झाला असा नव्हे; इंजिनात जितक्या दाबाने हवा यावयास हवी तितक्या दाबाने ती येत नाही, एवढाच. कारणे अनेक असू शकतात: धुळीने कोंदलेली हवेची जाळी, फाटलेली नळी, सैल झालेले कडे, अडकलेली झडप, चुकीचे माप देणारा दाबमापक, आणि शेवटी स्वतः टर्बो. त्याने स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून आरंभ केला. हवेच्या रबरी नळीवर तेलाचा ओशट डाग दिसताच ती हाताने वाकवून पाहिली. बोटभर चीर उघडली! हवा तेथूनच निसटत होती. म्हणूनच डिझेल पुरते जळत नव्हते व काळा धूर येत होता. नळी आणि कडे बदलताच गाडी पूर्ववत धावू लागली. नव्या टर्बोच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळच होता.

वाचकांनी घरातील सर्वांना एवढे अवश्य सांगून ठेवावे. तेलाच्या झारीचा किंवा तापलेल्या पाण्याचा तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश जाऊन लवकर तपासणी करावी. तो लुकलुकत असेल, विशेषतः पेट्रोलच्या गाडीत, तर इंजिनात ठिणगी चुकत असण्याचा संभव असतो. न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या भागात जाऊन तो जाळून टाकते. म्हणून पुढे दामटू नये. २०२० नंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. केवळ गल्लीबोळांतील लहान फेऱ्यांनी ती तुंबते, आणि त्यानेही बळ घटते. कारागिराकडे गेल्यावर ‘दिवा घालवा’ असे म्हणू नये. ‘क्रमांक कोणता आला, आणि कारण कसे ठरविले’ असे विचारावे.

ताईला आता स्वच्छ दिसते. भाच्याने किल्ली फिरविली की ती मागच्या आसनावरून वाकून फलक पाहते. किल्ली फिरविताच पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच न लागणारा दिवा हीही शंकेचीच खूण, हे तिने त्या वृद्ध कारागिराकडून ऐकून ठेवले आहे. “लागला,” ती म्हणते, आणि मग, “विझला. आता चल.”